नवा फोटो, नवं नाव

मास्तरांवर माझा राग आहे, आणि तो मी अजून सोडलेला नाही. ते देवरुखला राहतात, मी म्हसळ्याला. सकाळी गाडी काढली तर दुपारच्या जेवणाला पोचेन. पण मी गेलेलो नाही. फोनही केलेला नाही.

हकीगत जेद्द्याची. बलदमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या शहरात, एका अत्तराच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला आमचं ऑफिस होतं. मक्केत इमारती भाड्याने घ्यायच्या आणि कोकणातून, भिवंडीतून, मालेगावातून उमऱ्याच्या यात्रेला माणसं आणणाऱ्या टूरवाल्यांना त्यातल्या खोल्या द्यायच्या, हा धंदा. धंदा कफीलचा, म्हणजे ज्या सौदी मालकाच्या नावावर आमचे इकामे, तिथे राहायचे परवाने, होते त्याचा. इमारती शोधणं आणि भाव पाडणं माझ्याकडे. वेबसाइट मास्तरांकडे.

ते शाळेतले मास्तर नव्हते. रत्नागिरीला आयटीआयमध्ये शिकवायचे, मग सौदीतच यान्बूच्या एका कारखान्यात कंट्रोल रूममध्ये बरीच वर्षं काढली, आणि तिथून जेद्द्याला आमच्याकडे आले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, सँडलमध्ये मोजे. मला ते ‘शेठ’ म्हणायचे. मी याच बलदमध्ये खांद्यावर कापडाचे तागे वाहून सुरुवात केली होती, हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच म्हणायचे.

त्या वर्षांत सौदीकरणाचा जोर होता. ऑफिसात सौदी किती आणि परदेशी किती याचं प्रमाण सरकार बघायचं. प्रमाण चुकलं की इकामे नवे होत नसत. आमच्याकडे नूरा नावाची कॉम्प्युटर शिकलेली सौदी बाई कामाला आली, तरी प्रमाण बसेना. कफीलने आम्हाला दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, “सीझन संपला की तुमच्यातला एकच राहील. कोण, ते मी अजून ठरवलेलं नाही.”

माझी मुलगी तिथल्या इंडियन स्कूलमध्ये बारावीला होती. मला जावं लागलं असतं तर तिचं वर्ष मध्येच मोडलं असतं. मास्तरांच्या मागे देवरुखच्या बहिणीखेरीज कोणी नव्हतं. पण जायचं त्यांनाही नव्हतं.

“तिकडे जाऊन मी काय करू, शेठ?” ते म्हणाले. “शेजाऱ्यांच्या कोंबड्या मोजू?”

सीझन सुरू व्हायला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत आम्ही दोघं एकमेकांशी फार गोड बोलत होतो.

मास्तर वेबसाइटची चाल संत्र्यावर मोजायचे. ‘स्पीड’ हा शब्द ते वापरत नसत. चाल म्हणायचे, गाई-बैलांची असते तशी. सकाळी आल्यावर टेबलावर रुमाल पसरायचा, संत्रं सोलून ठेवायचं, मग साइट उघडायला बटण दाबायचं आणि फोडी खायला लागायचं. पान पूर्ण उघडेपर्यंत जितक्या फोडी संपतील तितकी त्या दिवसाची चाल. मी नोकरीला लागलो तेव्हा आमची साइट सात फोडींची होती. मास्तरांनी ती दीड फोडीवर आणली. ऑफिसात सगळे त्याच भाषेत बोलायला लागले. समोरच्या ट्रॅव्हलवाल्याची साइट म्हणजे “पूर्ण संत्रं आणि वर सालही”. नूराने आल्या आल्या चार दिवसांत ते उचललं. हिंदी सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत ती सकाळी विचारायची, “मास्तरजी, आज कितना संतरा?”

पण त्या संत्र्यावरही त्यांचा भरवसा नव्हता. “इथे जेद्द्यात बसून जेद्द्याची साइट उघडली तर ती उघडणारच,” ते म्हणायचे. “स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून वाढप चांगलं आहे म्हणण्यासारखं आहे ते.” म्हणून दर गुरुवारी दुपारी ते देवरुखला बहिणीला फोन लावायचे. ती शेजारणीच्या सुनेचा साधा फोन मागून आणायची आणि साइट उघडायची.

“ताई, मोज.”

फोनच्या स्पीकरवरून ताईंचा आवाज यायचा. “एक, दोन, तीन, चार… अरे, आपल्या फणसाला यंदा काही धरलंच नाही…”

“ताई, मोज गं!”

“मोजतेय ना! सहा, सात. आली बाई. मशिदीचा फोटो आला. छान आहे हो.”

त्या फणसाच्या वाक्याला किती सेकंद धरायचे याचाही मास्तरांकडे हिशेब होता.

ही साइट जलद कशी केली ते त्यांनी मला एकदा समजावलं, आणि मला ते समजलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी विचारलं होतं की फोटो आपल्याच मशीनवर का ठेवत नाही, बाहेर भाडं कशाला भरायचं? भाडं म्हटलं की माझं डोकं तापतं.

मास्तर म्हणाले, “तुमच्या त्या जुन्या कापडवाल्याचं रियाधला, अल सुलैमध्ये गोदाम का होतं?”

“रियाधच्या गिऱ्हाइकाला जेद्द्याहून माल यायची वाट बघायला नको म्हणून.”

“झालं तर. मूळ साठा आपण क्लाउडवर ठेवलाय, तो आपल्या टेबलाखालच्या डब्यापेक्षा मजबूत. आणि त्याच्या प्रती ठिकठिकाणच्या गोदामांत. मुंबईत आहे, सिंगापुरात आहे, लंडनला आहे. मंडणगडचा माणूस फोटो मागतो तेव्हा त्याला मुंबईच्या गोदामातून मिळतो. फोटोला समुद्र ओलांडावा लागत नाही.”

“आणि मुंबईच्या गोदामात तो फोटो नसला तर?”

“तर ते एकदाच मूळ साठ्याकडून मागवतं आणि ठेवून घेतं. पुढच्या माणसाला लगेच.”

हे मला पटलं. पण फोटोंवरून आमची रोज भांडणं व्हायची. मी नवा फोन घेतला होता. इमारत ठरली की मी तिची लॉबी, जिना, झुंबर, सगळं काढून आणायचो.

“शेठ, हा एक फोटो सहा एमबी आहे. हे झुंबर डोक्यावर घेऊन मी मंडणगडला पोचवू?”

“लॉबीचा दिमाख दिसायला नको? तीन करा.”

“शंभर केबी.”

“दोन एमबी. शेवटचं सांगतो.”

“शंभर केबी.”

“अहो मास्तर, तुमचंही नको, माझंही नको. एक.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “शेठ, मी भाव सांगत नाहीये. वजन सांगतोय. वजनात घासाघीस करण्याला आमच्याकडे काटा मारणं म्हणतात.”

मक्केतल्या एकेका इमारतमालकाला मी तीन-तीन तास चहा पाजून खाली आणलेलं आहे. हा माणूस एक केबीसुद्धा हलला नाही. झुंबर शंभर केबीत गेलं. आणि खोटं कशाला बोलू, दिसायला तसंच दिसत होतं.

साठा क्लाउडवर गेला तेव्हा कफीलला वाईट वाटलं होतं. तो जुन्या पद्धतीचा व्यापारी. माल हाताला लागला पाहिजे. त्याने विचारलं, “माझे फोटो आता कुठे आहेत?”

“काही युरोपात, काही मुंबईत,” मास्तर म्हणाले.

“भाडं मी बलदमध्ये भरतो आणि माझे फोटो मुंबईत राहतात?”

दोन दिवस तो घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी टेबलाखालचा जुना सर्व्हर पुसून काचेच्या कपाटात ठेवला आणि त्याचा हिरवा दिवा चालू करून दिला. आत काहीही नव्हतं. कफील पाहुण्यांना आणून दाखवायचा, “ही माझी वेबसाइट.” पाहुणे काचेला हात लावून मान डोलवायचे. मास्तर खाली मान घालून काम करत राहायचे. एकदा वीज गेली, दिवा विझला आणि कफील धावत आला, “वेबसाइट गेली!” साइट अर्थातच जगभर चालू होती. मास्तर उठले, दिवा लागेपर्यंत कपाटाशी उभे राहिले आणि म्हणाले, “आली.” माणसाचं मन राखायची त्यांची ही रीत होती. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

मास्तर हिंदू, त्यामुळे मक्केत जाऊ शकत नव्हते. ज्या इमारतींचे फोटो ते रात्रंदिवस कापत-बारीक करत होते, त्यातली एकही त्यांनी पाहिली नव्हती. एक-दोनदा सुट्टीच्या दिवशी ते माझ्याबरोबर गाडीत बसून आले. महामार्गावर बिगरमुसलमानांना दुसरीकडे वळवणारी पाटी आहे. तिच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर ते उतरून थांबायचे. मी काम उरकून चार तासांनी परत यायचो तर तिथेच सावलीत बसलेले असत, आणि गाडीत बसता बसता विचारायचे, “त्या बिल्डिंगच्या डावीकडचं शटर आज उघडं होतं का?”

“तुम्हाला कसं माहीत तिथे शटर आहे?”

“तुमच्या मार्चमधल्या फोटोत अर्धं दिसतं. मी कापायच्या आधी बघतो ना सगळं.”

आता मुख्य गोष्ट. तिच्यासाठी त्यांचा एक नियम सांगावा लागेल. भिंतीवर कागद चिकटवलेला होता, ठळक मराठीत: नवा फोटो, नवं नाव. एखाद्या फोटोच्या जागी दुसरा टाकायचा असेल तर जुन्याच नावाने टाकायचा नाही. दार-एक बदललं तर दार-दोन.

मी कारण विचारलं होतं. ते म्हणाले, “गोदामातला माणूस फक्त नाव बघतो. आत काय आहे ते उघडून बघत नाही. नाव तेच राहिलं तर तो महिनाभर आपल्याकडची जुनी प्रतच देत राहणार. त्याला वाटतं, आहे की माझ्याकडे.”

“इतका मूर्ख माणूस ठेवलाच कशाला?”

“मूर्ख आहे म्हणूनच जलद आहे, शेठ. तो विचार करायला लागला तर तुमचं संत्रं संपेल.”

आणि आमच्या ऑफिसातल्या मशीनना त्यांनी मुद्दाम गोदामांतून न जाता सरळ मूळ साठ्याशी जोडलं होतं, कारण काम करताना आम्हाला ताजं दिसायला हवं. हे मला माहीत होतं. नंतर मी सांगत फिरलो की माहीत नव्हतं.

टूरवाल्यांची एक पद्धत असते. बरोबरच्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात प्लॅस्टिक चढवलेलं कार्ड बांधायचं. त्यावर राहत्या इमारतीच्या दाराचा फोटो आणि अरबीत पत्ता. माणूस चुकला तर कार्ड टॅक्सीवाल्याला किंवा पोलिसाला दाखवायचं. बोलता यायची गरज नाही. हे कार्ड आम्ही साइटवर ठेवायचो, कारण व्हॉट्सअॅपवर पाठवलं की अक्षरं फुटतात. टूरवाला गावाकडूनच ते काढून छापून घ्यायचा.

महाडकडच्या एका टूरवाल्याची बेचाळीस माणसं यायची होती. त्यांच्यासाठी ठरवलेल्या इमारतीच्या मालकाशी माझं ऐन वेळी वाजलं. तो शब्द फिरवायला लागला, मी त्याच्या बैठकीतून उठून आलो आणि दोन दिवसांत पलीकडच्या रस्त्यावर लिफ्ट असलेली, काचेच्या दाराची दुसरी इमारत मिळवली, तीही कमी भावात. मी हवेत होतो. नेमके तेव्हा मास्तर सुट्टीवर. जेद्द्यातल्याच एका सांगलीकडच्या डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डोळ्याला पट्टी, पडून राहायची ताकीद. फोन करता आला असता. पण मी म्हटलं, एक फोटो बदलायला मास्तर कशाला? कार्ड मी स्वतः बनवलं, जुन्या कार्डाच्याच नावाने वर चढवलं. समोर पडद्यावर उघडून पाहिलं. काचेचं दार, नवा पत्ता. झकास. टूरवाल्याला कळवलं, “कार्ड साइटवर आहे, काढून घ्या.”

नूराने मागून विचारलं, “नाम चेंज किया?”

“किया, किया,” मी म्हणालो.

टूरवाल्याला मुंबईच्या गोदामाने जुनं कार्ड दिलं. हिरव्या दाराचं. त्याने दुसरं पाहिलंच नव्हतं, त्याला काय कळणार? बेचाळीस कार्डं छापली, प्लॅस्टिक चढवलं, बेचाळीस गळ्यांत बांधली. माणसं आली, बसमधून मी स्वतः त्यांना नव्या इमारतीत नेलं. थकलेल्या माणसांपैकी कोणी दाराकडे किंवा कार्डाकडे बघतंय असं मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजानंतर गर्दीत त्यांच्यातली एक म्हातारी चुकली. पंचाहत्तरीची, साखरेचा आजार, नात बरोबर होती, तिचा हात सुटला. जूनचा महिना. आठ वाजले, नऊ वाजले. आम्ही हरमच्या, म्हणजे मोठ्या मशिदीच्या, सगळ्या दरवाजांवर पाहिलं, हरवलेल्यांच्या चौकीवर पाहिलं. नात रडून रडून बसकण मारून बसली होती. टूरवाला मला म्हणत होता, “भाय, तिच्या गळ्यात कार्ड आहे, कोणीतरी आणून सोडेलच.” नऊ वाजून गेले तरी कोणी आणून सोडत नव्हतं, आणि रस्त्यावर पाय ठेवला की चपलेतून भाजत होतं.

मी मास्तरांना फोन केला तो खरं म्हणजे भांडायला. नव्या बिल्डिंगच्या काचेच्या दाराशी कधीचा उभा आहे, कार्डावर आपला नंबर मोठा का नाही, असं काहीतरी ओरडत होतो. राग आला की मला समोर कोणीतरी लागतं.

त्यांनी मला ओरडू दिलं. मग म्हणाले, “शेठ, टूरवाल्याच्या गळ्यातलं कार्ड हातात घ्या. दार कुठल्या रंगाचं आहे?”

मी कार्ड ओढून पाहिलं. “हिरवं.”

“तुमच्या नव्या बिल्डिंगला काचेचं दार आहे म्हणालात ना आत्ता.”

“हो.”

“फोटो टाकताना नाव बदललंत?”

मी कार्ड परत टूरवाल्याच्या छातीवर सोडलं.

“राहू दे. कोणीतरी कार्ड बघून तिला जुन्या बिल्डिंगला सोडलंय. ती आता रिकामी, दार बंद असणार. या वेळी दारावर ऊन येतं, म्हणजे ती तिथे बसणार नाही. डावीकडे पाच पायऱ्या उतरून वॉचमनची खोली आहे. तिच्या बाहेर पाण्याचा कुलर आहे, आणि त्या बोळात साडेदहापर्यंत सावली असते. तिथे बघा. यल्ला, पळा.”

ती तिथेच होती. पाच पायऱ्या उतरून, कुलरला पाठ लावून, दुपट्टा ओला करून डोक्यावर घेतलेला. ओठ सुकले होते. मला बघून म्हणाली, “दार उघडीत नाय रे बाबा कोनी. मी म्हटला, नमाजाला गेले असतील.” गाडीत घालताना गळ्यातल्या कार्डावर बोट ठेवून म्हणाली, “मी कालच बघितला होता, आपल्या दारासारखा नाय दिसत. म्हटला, मागचा दार असेल. उगाच कशाला कोनाला विचारायचा?”

दोन दिवस तिला इस्पितळात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. मक्का कधीही न पाहिलेल्या माणसाने, एका डोळ्याने अंथरुणावर पडून, तिला शोधून दिली होती. त्याच दुपारी त्यांनी नूराला फोनवर सांगून सगळ्या गोदामांतली जुनी प्रत पुसायला लावली, आणि मग ताईंना देवरुखला फोन करून कार्ड उघडायला सांगितलं. “दार कसलं दिसतंय? काचेचं? नक्की ना?”

टूरवाल्याने कफीलकडे तक्रार केली. पाचव्या दिवशी कफीलने आम्हाला बोलावलं. मी, मास्तर काळा चष्मा लावून, आणि एका बाजूला नूरा, कारण कोणी कधी काय चढवलं ते मशीनमध्ये लिहिलेलं असतं आणि ते वाचता तिला येत होतं.

“चित्र कोणी टाकलं?” कफीलने विचारलं.

मी घसा साफ केला. मी बोलणार होतो. काय बोलणार होतो ते मला आज नक्की सांगता येत नाही. कदाचित मी टूरवाल्यावर ढकललं असतं.

मास्तर त्यांच्या यान्बूच्या मोडक्या अरबीत म्हणाले, “चूक माझी आहे. साइटची किल्ली माझ्याकडे. मी सुट्टीवर जाताना असं कुलूप घालून जायला हवं होतं, की जुन्या नावावर नवा फोटो चढूच नये. ते दोन मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. असं कुलूप घालता येतं. नूराने ते नंतर घातलं. ती तेव्हा माझ्याकडे बघत होती. मग मास्तरांकडे बघितलं आणि हातातला कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

कफीलने दोन्ही हात टेबलावर आपटले. “खलास. मग ठरलं.”

महिन्याच्या शेवटी मास्तर गेले. जायच्या आधी त्यांनी नूराला एक जाड वही दिली. तिच्यात सगळं लिहिलेलं, कुठल्या शहराच्या गोदामाचा काय स्वभाव आहे इथपर्यंत. इंग्रजीत, समासात आकृत्या काढून. मला काय दिलं? एक चिठ्ठी. ‘शेठ, फोटो आडवे काढत जा. उभ्या फोटोत अर्धं आभाळच येतं.’ विमानतळावर मी गेलो होतो. ते माझ्याशी मुलीच्या अभ्यासाबद्दल, बहिणीच्या गुडघ्याबद्दल बोलले. त्या प्रकरणाबद्दल मी तोंड उघडलं की ते बॅगेचं कुलूप तपासायचे.

मुलगी बारावीला चांगली पास झाली. आता पुण्यात नोकरी करते, तिलाही असल्याच क्लाउडचं काम आहे. मी तिला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पप्पा, जस्ट कॉल हिम.” तिला वाटतं मला लाज वाटते. लाज वाटत असती तर मी केव्हाच गेलो असतो, हापूसची पेटी घेऊन, हात जोडून. मला राग येतो. मी उभ्या आयुष्यात कोणाचं फुकट घेतलेलं नाही. प्रत्येक गोष्ट घासाघीस करून, तोंडाने भांडून मिळवलेली आहे. त्या दिवशी कफीलच्या खोलीतून बाहेर आल्यावर जिन्यावर जे झालं त्याचा मला राग आहे.

मी त्यांना जिन्याच्या तोंडाशी अडवलं. “कोणी सांगितलं होतं तुम्हाला मध्ये पडायला? मी बोलणार होतो.”

“मग बोला ना,” मास्तर म्हणाले.

“काय?”

“तो आतच आहे अजून. दार उघडं आहे. जा, बोला. मी थांबतो इथे.”

ते टोमण्याने बोलत नव्हते. कठड्याला टेकून उभे राहिले, एक हात कठड्यावर. दार खरंच अर्धं उघडं होतं. आत कफील फोनवर कोणाशी तरी हसत होता. नूरा खिडकीपाशी पाठमोरी होती. मला आत जायला चार पावलं पुरली असती. माझ्या डोळ्यांसमोर मुलीचं टेबल होतं, त्यावरची पुस्तकं. पण तेवढंच होतं असंही नाही. मी फक्त उभा राहिलो. मास्तर वाट बघत राहिले, कितीतरी वेळ, जणू माझं पान उघडायचं आहे आणि घाई कोणालाच नाही.

मग अजान झाली. खाली अत्तरवाल्याने नमाजापुरतं शटर ओढायला घेतलं. कफील बाहेर आला, बाह्या वर करत. जिन्याच्या तोंडाशी आम्ही दोघं वाटेत उभे होतो. तो माझ्याकडे बघून थांबला, मी काही सांगणार आहे असं त्याला वाटलं असावं.

मी बाजूला सरकलो आणि त्याला वाट करून दिली.

तो खाली उतरून गेला. मास्तरांनी कठड्यावरचा हात काढून माझ्याकडे केला. “चला शेठ, हात द्या. एका डोळ्याने पायरी कळत नाही.”

मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना दुसऱ्या मजल्यावरून रस्त्यापर्यंत आणलं.